पगार नाकारणारा पाळक : जॉर्ज बोवेन आणि मुंबईची मेथॉडिस्ट मंडळी

मुंबईच्या मेथॉडिस्ट मंडळीचा इतिहास सांगायला घेतला की पहिले नाव येते ते अमेरिकन उपदेशक विल्यम टेलर यांचे. १८७१ च्या अखेरीस ते मुंबईत आले, घरोघर सभा घेतल्या आणि १८७२ च्या फेब्रुवारीत मंडळी रीतसर उभी राहिली. स्थापनेचे साल म्हणून तेच द्यायला हवे, त्यात वाद नाही. परंतु स्वावलंबनाच्या ज्या तत्त्वावर ही मंडळी उभी राहिली, ते तत्त्व मुंबईच्या बाजारवस्तीत एक माणूस वीस वर्षांहून अधिक काळ आधीच जगत होता. मिशनचा पगार त्याने सोडला होता आणि मायदेशी परतण्याचा विचारही सोडला होता. टेलर आले तेव्हा जॉर्ज बोवेन पंचावन्न वर्षांचे होते आणि मुंबईत त्यांना चोवीस वर्षे होत आली होती. संस्थेला जन्म टेलर यांनी दिला. तिला स्वभाव मात्र बोवेन यांच्याकडून मिळाला, अशी माझी धारणा आहे. म्हणून आधी त्यांच्याविषयी.

बोवेन यांचा जन्म ३० एप्रिल १८१६ चा, अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या मिडलबरी गावचा. वाढले ते न्यूयॉर्कमध्ये. वडील व्यापारी, घर खाऊनपिऊन सुखी. तरुण बोवेन यांचा ओढा व्यापारापेक्षा पुस्तकांकडे आणि संगीताकडे. फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश अशा भाषा त्यांनी आत्मसात केल्या, युरोपात दीर्घकाळ राहून आले. देवावर मात्र विश्वास नव्हता. तारुण्यातली दहा-अकरा वर्षे ते उघड उघड अश्रद्ध होते आणि ती अश्रद्धा वाचून, विचार करून आलेली होती. एमा मॉरिस नावाच्या तरुणीवर त्यांचे प्रेम होते. १८४४ च्या जानेवारीत ती वारली. जाताना तिने आपले पवित्र शास्त्र बोवेन यांच्यासाठी ठेवले होते. ते त्यांनी उघडले तिच्या आठवणीपोटी. श्रद्धेचा तिथे संबंध नव्हता. पण त्याच वर्षी त्यांचा जीवनमार्ग पालटला. न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत त्यांनी ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला आणि अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे मिशनरी म्हणून १८४७ साली ते हिंदुस्थानच्या वाटेला लागले. सुएझचा कालवा अजून व्हायचा होता. शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून १८४८ च्या जानेवारीत ते मुंबईत उतरले.

ज्या मिशनमध्ये ते आले, ते अमेरिकन मराठी मिशन तेव्हा पस्तीस वर्षांचे झाले होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत आले तेव्हापासून त्याची सुरुवात. अहमदनगरला त्याचे मोठे ठाणे होते आणि 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ पासून चालू होते. मुंबईत अजून रेल्वे आलेली नव्हती; कोटाच्या भिंती शाबूत होत्या. बोवेन यांनी मराठी शिकायला घेतली आणि थोड्याच काळात ते रस्त्यावर उभे राहून मराठीतून उपदेश करू लागले.

मग आला तो निर्णय. मिशनरीला बोर्डाकडून ठरलेला पगार मिळे. युरोपीय माणसाचे घर, नोकरचाकर, उन्हाळ्यात थंड हवेचे ठिकाण हा सारा डोलारा त्या पगारावर चाले आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. बोवेन यांना वाटले. ज्या माणसांपुढे आपण रोज उभे राहतो त्यांच्या आणि आपल्या राहणीत इतके अंतर असेल, तर आपले बोलणे त्यांना साहेबाचे बोलणेच वाटणार, हे त्यांनी पाहिले. १८४९ साली त्यांनी बोर्डाचा पगार घेणे थांबवले. देशी वस्तीत लहानशी खोली घेतली, शिकवणीच्या तुटपुंज्या मिळकतीवर गुजराण सुरू केली आणि बाकीचा सारा वेळ उपदेशाला दिला. पुढे बोर्डाशी असलेला औपचारिक संबंधही सुटला. हे वैराग्य चार दिवसांचे ठरले नाही. मरेपर्यंत त्यांनी कोणत्याही मिशनचा पगार घेतला नाही. लग्न केले नाही. चाळीस वर्षांत एकदाही ते अमेरिकेला परत गेले नाहीत.

या निर्णयाचा लगेच परिणाम झाला असे कुणी समजू नये. बोवेन गरिबासारखे राहू लागले म्हणून गरीब लोक धावून आले, असे काही घडले नाही. वर्षामागून वर्षे ते बाजारात, चौकात, समुद्रकिनारी उभे राहिले, हजारो पत्रिका वाटल्या, टिंगल झेलली. त्यांच्या हातून थेट ख्रिस्ती झालेली माणसे फार थोडी. त्यांचे चरित्र लिहिणारे रॉबर्ट स्पीअर यांनाही या प्रश्नाला सामोरे जावे लागले. आपण मेथॉडिस्ट आपल्या वार्षिक अहवालांत बाप्तिस्म्यांचे आकडे मांडतो. त्या पद्धतीने मोजायचे तर बोवेन यांचा अहवाल दरवर्षी फिकाच निघाला असता. तरीही मुंबईत हिंदू, पारशी, युरोपीय अशा साऱ्या समाजांत त्यांच्याइतका आदर क्वचितच कुणा मिशनऱ्याच्या वाट्याला आला. हा आदर त्यांच्या वक्तृत्वाला नव्हता. एकच माणूस, त्याच शहरात, तेच काम करताना दोन पिढ्यांनी पाहिला होता.

त्यांच्या रस्त्यावरच्या कामातला सर्वांत गाजलेला प्रसंग १८५७ चा आहे आणि मराठी वाचकाने तो अवश्य जाणून घ्यावा असा आहे. विष्णुबावा ब्रह्मचारी, म्हणजे विष्णू भिकाजी गोखले, हे त्या वेळी वैदिक धर्माच्या बाजूने व्याख्याने देत मुंबईत आले होते. वय जेमतेम तिशीच्या पुढे, जबरदस्त वाणी, आणि मिशनऱ्यांच्या आक्षेपांना जाहीरपणे उत्तर देण्याची तयारी. त्या वर्षाच्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्यात आणि मिशनऱ्यांत जाहीर वादसभा झाल्या. संध्याकाळी वाळूत माणसे बसत, एकीकडे विष्णुबावा, दुसरीकडे बोवेन आणि त्यांचे सहकारी. सृष्टी कुणी निर्माण केली, पापाचे मूळ काय, मोक्ष कशाने मिळतो, ग्रंथाचे प्रामाण्य कशावर टिकते, असे प्रश्न तिथे चालत. गर्दी मोठी होई. या चर्चांचा इंग्रजी वृत्तांत बोवेन यांनी त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापला; विष्णुबावांच्या बाजूचे 'समुद्रकिनारीचा वादविवाद' हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १८७२ साली प्रसिद्ध झाले.

दोन्ही बाजूंना आपणच जिंकलो असे वाटले, हे उघड आहे. मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. उत्तर हिंदुस्थानात त्याच वर्षी बंडाचा वणवा पेटला होता आणि मुंबईत दोन धर्मांची माणसे वाळूत बसून मराठीतून वाद घालत होती, प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेत होती आणि नंतर ते छापून लोकांपुढे ठेवत होती. विष्णुबावांनी पुढे 'वेदोक्त धर्मप्रकाश' आणि 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' यांसारखे ग्रंथ लिहिले. मराठी विचारांच्या इतिहासात त्यांचे स्थान मोठे आहे. आपल्या संस्थेच्या पूर्वेतिहासात अशा प्रतिपक्षाचे नाव आदराने यायला हवे.

बोवेन यांचे दुसरे मोठे काम लेखणीचे. 'बॉम्बे गार्डियन' हे इंग्रजी साप्ताहिक १८५१ साली निघाले. १८५४ पासून त्याची जबाबदारी बोवेन यांच्यावर आली आणि ती त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली. तीस वर्षांहून अधिक काळ दर आठवड्याला अंक काढायचा, लिहायचा, तपासायचा, आणि त्याच दिवसांत रस्त्यावरचा उपदेशही चालू ठेवायचा. बॉम्बे ट्रॅक्ट अँड बुक सोसायटीचे चिटणीसपदही त्यांच्याकडे होते. त्यांचे मननपर लेखन पुढे पुस्तकरूपाने अमेरिकेत आणि इंग्लंडात वाचले गेले. येशूने शिष्यांचा निरोप घेताना केलेले जे भाषण योहानाच्या शुभवर्तमानात आहे, त्यावरील त्यांचे पुस्तक विशेष नावाजले गेले. ज्यांना मुंबई नकाशावर दाखवता आली नसती असे परदेशातले वाचक बोवेन यांच्या शब्दांनी सकाळची प्रार्थना करत.

आता टेलर. विल्यम टेलर यांचा पिंड अगदी वेगळा. १८२१ साली व्हर्जिनियात जन्मलेले, उंच, धिप्पाड, घुमणाऱ्या आवाजाचे. सोन्याच्या शोधात माणसांचे लोंढे कॅलिफोर्नियाला लोटत होते तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर त्यांनी उपदेश केला होता. पुढे ऑस्ट्रेलिया, मग दक्षिण आफ्रिका. हिंदुस्थानात ते १८७० च्या अखेरीस आले ते मेथॉडिस्ट मिशनरी जेम्स थोबर्न यांच्या बोलावण्यावरून. तेव्हा मेथॉडिस्ट काम उत्तरेत, बरेली आणि लखनौच्या परिसरात होते. विल्यम बटलर यांनी १८५६ साली ते सुरू केले होते. मिशनांनी आपसात प्रदेश वाटून घेतलेले होते आणि मेथॉडिस्टांच्या वाट्याला गंगेपलीकडचा भाग होता. टेलर यांनी ती चौकट मानली नाही. मुंबईहून जबलपूरमार्गे कलकत्त्याला जाणारी रेल्वे १८७० साली पूर्ण झाली होती आणि त्यांच्यासारख्या सतत फिरणाऱ्या माणसाला ती सोयीची होती.

१८७१ च्या नोव्हेंबरात ते अहमदनगरहून मुंबईत आले. धोबी तलावाच्या फ्रामजी कावसजी हॉलसारख्या ठिकाणी सभा झाल्या, पण टेलर यांचा खरा भर घरांवर होता. ज्यांची मने पालटली त्यांना त्यांनी लहान लहान गटांत बांधले आणि प्रत्येक गटाला एक पुढारी दिला. मेथॉडिस्ट परंपरेत याला क्लास म्हणतात. ही रीत मेथॉडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या काळची. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी दर सभासदाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करायची ठरली, पुढारी घरोघर पैसे घ्यायला जाऊ लागले, आणि जाता जाता माणसांची सुखदुःखे विचारू लागले. पैसे गोळा करायची ही व्यवस्था हळूहळू एकमेकांना सांभाळायची व्यवस्था झाली. मुंबईतही तसेच घडले. दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी जमायचे, आपापली साक्ष द्यायची, चुकलेल्याला सावरायचे आणि कामाचा खर्च आपसात उचलायचा.

याच लोकांनी १८७२ च्या फेब्रुवारीत टेलर यांना लेखी विनंती केली की आमची मेथॉडिस्ट मंडळी स्थापन करा. टेलर यांनी ती मान्य केली, मात्र अट घातली: परदेशी मिशनरी सोसायटीच्या पैशावर ही मंडळी चालणार नाही. पाळकाचा चरितार्थ मंडळीने चालवायचा. स्वतः टेलर आपल्या पुस्तकांच्या विक्रीवर जगत आणि अमेरिकेतून येणाऱ्या नव्या कार्यकर्त्यांच्या प्रवासाचा खर्चही त्यातूनच करत.

बोवेनही या नव्या मंडळीत सामील झाले. ते टेलर यांच्याबरोबर का आले, हे समजणे मग अवघड राहत नाही. टेलर जे संस्थेकडून मागत होते ते बोवेन यांनी स्वतःकडून केव्हाच मागून घेतले होते. मेथॉडिस्ट झाल्यावर त्यांनी आपल्या राहणीत काही बदलले नाही. बदलावे लागलेच नाही. टेलर १८७५ साली हिंदुस्थान सोडून गेले. पुढे ते दक्षिण अमेरिकेत गेले, १८८४ साली आफ्रिकेचे बिशप झाले आणि १९०२ साली कॅलिफोर्नियात वारले. ते पेटवून गेले, हे खरेच. पण नवी मंडळी पहिल्या उत्साहानंतरच्या वर्षांत टिकते की विखुरते, हे तिथे कोण राहतो यावर ठरते. मुंबईत बोवेन राहिले. प्रिसायडिंग एल्डर म्हणून, आजच्या भाषेत जिल्हा अधीक्षक म्हणून, त्यांनी या मंडळ्यांची देखरेख केली, तीही विनामोबदला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. टेलर यांच्या मंडळ्या मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांच्या होत्या. रेल्वेत, तारखात्यात, सरकारी कचेऱ्यांत काम करणारी अँग्लो-इंडियन आणि युरोपीय कुटुंबे हा त्यांचा कणा. स्वावलंबनाची अट त्यांना पेलवली, कारण त्यांच्या हाती महिन्याचा पगार येत होता. या मंडळ्यांनीच पुढे देशी लोकांत काम करावे, अशी टेलर यांची अपेक्षा होती, आणि काही प्रमाणात तसे झालेही. परंतु मराठी मंडळ्या वाढवायच्या, मुलामुलींच्या शाळा चालवायच्या, खेड्यांत पाळक नेमायचे, तर इंग्रजी मंडळ्यांच्या वर्गणीवर ते भागेना. पुढे मिशनरी सोसायटीची मदत घ्यावीच लागली. चोवीस वर्षे मराठीतून रस्त्यावर उभा राहिलेला माणूस मंडळीत होता. त्याच्याभोवती मराठी काम पहिल्याच दशकात जोमाने उभे राहायला हवे होते. ती उणीव आपल्या इतिहासात आहे आणि मराठी सभासदांच्या पुढच्या पिढ्यांनी ती स्वतःच्या कष्टाने भरून काढली.

संस्थात्मक वाढ मात्र झपाट्याने झाली. १८७४ च्या सुरुवातीला 'बॉम्बे अँड बेंगॉल मिशन' अशी नवी रचना झाली. १८७६ साली मुंबईतच साउथ इंडिया कॉन्फरन्सची, म्हणजे प्रदेशातल्या मेथॉडिस्ट मंडळ्यांच्या कारभारी सभेची, स्थापना झाली. मुंबई, पुणे, कलकत्ता, मद्रास, बंगळूर, हैदराबाद असा तिचा पसारा होता. पुण्यातल्या सभांतून विल्यम ओल्डहॅम नावाचा बंगळुरात जन्मलेला एक तरुण सर्वेक्षक मंडळीत आला. याच कॉन्फरन्सने त्यांची नेमणूक सिंगापूरला केली. १८८५ साली ते तिथे पोहोचले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी अँग्लो-चायनीज स्कूल काढले. आग्नेय आशियातल्या मेथॉडिस्ट मंडळ्यांचा धागा असा आपल्या पुण्यापर्यंत येतो, हे पुण्याच्या सभासदांनाही फारसे ठाऊक नसते.

नंदुरबार-नवापूरकडचा ख्रिस्ती वाचक इथे विचारील की मग हे काम आमच्याकडे का आले नाही. रेल्वेचा मार्ग हे त्याचे पहिले कारण. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे इगतपुरी, भुसावळ, खंडवा अशी गेली आणि सुरुवातीचे मेथॉडिस्ट काम रेल्वेच्या वसाहतींच्या आधाराने पुढे सरकले. नंदुरबार तेव्हा खानदेश जिल्ह्याचे एक टोक होते. सुरतेहून येणारी ताप्ती खोऱ्यातली रेल्वे तिथे पोहोचली ती एकोणिसावे शतक संपता संपता, बोवेन यांच्या निधनानंतर दहा-बारा वर्षांनी. तोवर मिशनांचे नवे वाटप होऊ लागले होते. गुजरातेत बडोदा आणि नडियादच्या बाजूला मेथॉडिस्ट काम वाढले, दक्षिण गुजरातेत ब्रदरन मिशन होते, आणि पश्चिम खानदेशातल्या भिल्ल, मावची, कोकणी वस्त्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन मिशनरी आले. फ्रेडरिक फ्रॅन्सन यांनी १८९० साली शिकागोत स्थापलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे हे काम. आज नवापूर रेल्वे स्थानकाचा फलाट महाराष्ट्र आणि गुजरात अशा दोन राज्यांत विभागलेला आहे. मिशनांच्या सीमाही त्याच पट्ट्यात एकमेकींना भिडल्या होत्या. चिंचपाड्याचे ख्रिश्चन हॉस्पिटल त्या दुसऱ्या परंपरेचे फळ आहे. तेव्हा नंदुरबार जिल्ह्याच्या ख्रिस्ती इतिहासात मेथॉडिस्ट नाव नसले तरी पाहुण्यासारखे शेजारी उभे राहण्याचा हक्क आपल्याला आहे.

बोवेन यांचे देहावसान ५ फेब्रुवारी १८८८ रोजी, रविवारी, मुंबईत झाले. हिंदुस्थानात येऊन चाळीस वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती. अपोलो बंदराजवळच्या बॅटरी स्ट्रीटवरील चर्चला त्यांचे नाव देण्यात आले. ताजमहाल हॉटेल आणि गेटवे ऑफ इंडियाच्या गर्दीतून जाणाऱ्या किती जणांना बोवेन मेमोरियल चर्च म्हणजे कोणाचे स्मारक हे ठाऊक असेल, कोण जाणे. ज्याने आयुष्यभर बाजारातल्या खोलीत दिवस काढले, त्याचे नाव मुंबईच्या सर्वांत महागड्या भागांपैकी एका भागात कोरलेले आहे.

बोवेन गेले त्याच्या आदल्याच वर्षी मेथॉडिस्ट महिला मंडळाच्या वतीने मिनी एब्रम्स मुंबईत दाखल झाल्या होत्या. त्या मराठी शिकल्या, मुलींच्या शिक्षणाचे काम केले आणि १८९८ साली पंडिता रमाबाईंच्या हाताला हात द्यायला केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये गेल्या. मराठी काम आता केवळ एका माणसाच्या खांद्यावर राहिले नव्हते. १८९२ साली साउथ इंडिया कॉन्फरन्समधून बॉम्बे कॉन्फरन्स वेगळी झाली. १९८१ च्या जानेवारीत मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया ही स्वायत्त संस्था स्थापन झाली आणि स्वतःचे पाळक, स्वतःची मालमत्ता, स्वतःचे निर्णय ही जबाबदारी पूर्णपणे इथल्या लोकांकडे आली. टेलर यांनी घातलेली अट, जराशा वेगळ्या वाटेने, शंभराहून अधिक वर्षांनी पुरी झाली.

आता एक विनंती. टेलर आणि बोवेन यांच्याविषयी इंग्रजीत पुस्तके आहेत. 'बॉम्बे गार्डियन'चे अंक आहेत, कॉन्फरन्सच्या छापील मिनिट्स आहेत. मराठी मंडळ्यांचे तसे नाही. पहिले मराठी क्लास पुढारी, घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बायबलवुमन, खेड्यांत पायी फिरणारे उपदेशक यांची नावे सापडतात ती बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्यांत, जुन्या पत्रांत, लाकडी पेटीत जपून ठेवलेल्या एखाद्या प्रमाणपत्रावर. ज्या मंडळीकडे किंवा कुटुंबाकडे असे काही असेल त्यांनी ते आपल्या पाळकांना दाखवावे आणि त्याची प्रत काढू द्यावी. वाळवी आणि पावसाळा कुणासाठी थांबत नाहीत. बोवेन यांचे चरित्र परदेशातल्या एका लेखकाने लिहिले. या माणसांची चरित्रे मात्र आपल्यालाच लिहावी लागतील.